बॅटमॅनचे आईवडील किती वेळा मरताना पाहायचे?

ताई,

२००८ साली ‘आयर्न मॅन’ पाहायला मी धाकट्या भावाला घेऊन गेलो होतो. मी १९ वर्षांचा, तो १३. तेव्हापासून आम्ही एकही सुपरहिरोपट चुकवलेला नाही. आता दोघं वेगवेगळ्या शहरांत राहतो, पण चित्रपट लागला की पहिल्याच दिवशी आपापल्या शहरात पाहतो आणि रात्री फोनवर बोलतो. पूर्वी ते बोलणं दोन-दोन तास चालायचं, हल्ली दहा मिनिटांत आटपतं. खरं सांगायचं तर मला आता हे चित्रपट पाहवत नाहीत. एक समजायला आधीचे तीन आणि वर दोन मालिका पाहून जायचं, हा गृहपाठच झाला. आणि एखादी गोष्ट जरा कुठे रंगली की नवा नट आणून सगळं पहिल्यापासून सुरू. बॅटमॅनचे आईवडील मी किती वेळा मरताना पाहायचे? मागच्या खेपेला मी मध्यंतरानंतर चक्क झोपलो आणि रात्री भावाला ‘मस्त होता’ असं सांगितलं. त्याच्याशी मी कधी खोटं बोललेलो नाही. आधी एकदा थोडी कुरकुर केली होती तर तो म्हणाला, “दादा, तू म्हातारा झालास.” मी बदललोय की चित्रपट बिघडलेत? आणि त्याला सांगू तरी कसं?

– दमलेला दादा

प्रिय दादा,

तुमच्या तक्रारीला आकडा देता येतो, म्हणून आधी तेच करते. लहानग्या ब्रूसच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईवडिलांवर गोळ्या झाडल्या जातात, तो प्रसंग मोठ्या पडद्यावर १९८९ मध्ये आला, २००५ मध्ये आला, २०१६ मध्ये आला. २०१९ च्या ‘जोकर’मध्येही आला, आणि तो तर बॅटमॅनचा चित्रपटही नव्हता. म्हणजे निदान चार वेळा. स्पायडर-मॅनचे काका २००२ मध्ये गेले आणि दहाच वर्षांनी, २०१२ मध्ये, पुन्हा गेले. फँटॅस्टिक फोरमधल्या चौघांना २००५ मध्ये शक्ती मिळाल्या आणि २०१५ मध्ये त्याच पुन्हा मिळाल्या. जो माणूस पाहिलेलं लक्षात ठेवतो त्याला याचा कंटाळा येणारच. त्याचा वयाशी संबंध नाही.

तुमचं मन नेमकं कधी उडालं हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे, २०२१ नंतर कधीतरी. ‘आयर्न मॅन’ काढणाऱ्या मार्व्हलने २००८ ते २०१९ या अकरा वर्षांत २३ चित्रपट काढले. वर्षाला सरासरी दोन. मध्ये श्वास घ्यायला जागा होती, आधीचा चित्रपट मनात मुरायला वेळ होता, आणि तुम्हा दोघांना पुढे काय होईल यावर तर्क लढवायला महिनेच्या महिने मिळत होते. मग मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेने स्वतःची स्ट्रीमिंग सेवा काढली आणि त्या सेवेला दर आठवड्याला काहीतरी नवं हवं होतं. २०२१ आणि २०२२ या दोनच वर्षांत सात चित्रपट, आठ मालिका आणि वर दोन विशेष भाग आले. मालिका एकेक सहा ते नऊ भागांच्या. शिवाय मालिकेत घडलेलं चित्रपटात गृहीत धरलं जाऊ लागलं. तिकीट काढून आलेल्या माणसाला पडद्यावरची बाई इतकी का चिडली आहे हेच कळेना, कारण तिच्या चिडण्याचं कारण घरी बसून पाहायच्या नऊ भागांत होतं. तुम्ही गृहपाठ म्हणता तो हाच, आणि हा शब्द मला अगदी चपखल वाटतो.

हे फक्त तुम्हालाच जाणवलं असंही नाही. २०२३ मध्ये ‘द मार्व्हल्स’ची जगभरातली कमाई वीस कोटी डॉलरच्या जरा वर जाऊन थांबली. त्याच घराण्याच्या ‘एंडगेम’ने चार वर्षांपूर्वी जवळपास २८० कोटी डॉलर मिळवले होते. पुढच्याच वर्षी डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर यांनी जाहीर केलं की यापुढे मार्व्हलचे वर्षाला दोन, फार तर तीन चित्रपट आणि दोनच मालिका येतील. तेव्हा ‘अति झालं’ हे तुमचं मत आता ते काढणाऱ्यांचंही मत आहे.

या गर्दीने आणखी काही माणसं दमली, त्यांचाही उल्लेख करायला हवा. पडद्यावर कोसळणारी शहरं, उडणारी माणसं, आकाशातली भगदाडं हे सगळं संगणकासमोर बसून कोणीतरी एकेक फ्रेम करत असतं. शेवटच्या क्षणी बदललेल्या प्रसंगांसाठी या लोकांनी रात्री जागवल्या, आणि कधी कधी ती घाई पडद्यावर उघड दिसली. २०२३ मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या व्हीएफएक्स (संगणकावर दृश्यं घडवणाऱ्या) कर्मचाऱ्यांनी एकमताने संघटना करायचा कौल दिला. एखादी मारामारी तुम्हाला निर्जीव वाटली असेल, तर ती करणाऱ्याच्या हातात किती दिवस होते हेही विचारायला हवं.

आता पुन्हापुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याबद्दल. त्याच्या मुळाशी बरेचदा कथा नसते, कागदपत्रं असतात. १९९६ च्या डिसेंबरात मार्व्हल दिवाळखोरीत निघाली होती. त्या सुमारास, काही आधी तर काही नंतर, तिची पात्रं वेगवेगळ्या स्टुडिओंकडे गेली. एक्स-मेन आणि फँटॅस्टिक फोर फॉक्सकडे, स्पायडर-मॅन सोनीकडे. असे हक्क कायमचे मिळत नाहीत. ठरलेल्या मुदतीत चित्रपट केला नाही तर पात्र मूळ मालकाकडे परत जातं. या अटीचं सर्वांत केविलवाणं उदाहरण त्याही आधीचं आहे. फँटॅस्टिक फोरचे हक्क हातचे जाऊ नयेत म्हणून नव्वदच्या दशकात सुमारे दहा लाख डॉलरमध्ये घाईघाईने एक चित्रपट उरकला गेला. नटांनी मनापासून काम केलं, प्रसिद्धीही सुरू झाली, आणि तो कधीच प्रदर्शित झाला नाही. मला त्या नटांचं फार वाईट वाटतं. स्पायडर-मॅनचंही पाहा. सॅम रेमीचा चौथा चित्रपट २०१० मध्ये बारगळला आणि सोनीने लगेच नवा नट, नवा दिग्दर्शक घेऊन शाळेपासून सुरुवात केली. २०१६ मध्ये तिसरा नट आला. चौदा वर्षांत तीन स्पायडर-मॅन. त्या पोराला मोठं व्हायला कोणी वेळच दिला नाही. तो बारावी ओलांडतो न ओलांडतो तोच पुन्हा पहिल्या वर्गात.

पण दादा, इथे मी तुमच्यापासून थोडी वेगळी होते. तीच गोष्ट पुन्हा सांगणं हा माझ्या मते गुन्हा नाही. वॉर्नर ब्रदर्सने एका काळ्या पक्ष्याच्या पुतळ्यामागे धावणाऱ्या माणसांची कादंबरी १९३१ मध्ये पडद्यावर आणली, १९३६ मध्ये पुन्हा आणली आणि १९४१ मध्ये तिसऱ्यांदा. दहा वर्षांत तीन वेळा. लोक आजही पाहतात तो तिसरा, जॉन ह्यूस्टनचा ‘द माल्टीज फाल्कन’. ‘दोनदा करून झालंय’ असं म्हणून कोणी त्याला थांबवलं असतं तर केवढं नुकसान झालं असतं. बॅटमॅनचंच घ्या. १९९७ च्या चित्रपटाने त्याची इतकी शोभा झाली की आठ वर्षं कोणी त्याच्या वाटेला गेलं नाही. मग २००५ मध्ये क्रिस्टोफर नोलनने सगळं पुसून नव्याने मांडलं आणि तीन वर्षांनी त्यातूनच ‘द डार्क नाइट’ आला. नोलनचा २००५ चा चित्रपट रिबूटच होता, म्हणजे पहिल्यापासून पुन्हा सुरू केलेला. फक्त त्याच्याआधी आठ वर्षांची शांतता होती आणि हातात घेणाऱ्याला काहीतरी म्हणायचं होतं. २०१८ मध्ये स्पायडर-मॅनचा पुरता कंटाळा आलेला असताना ‘इनटू द स्पायडर-व्हर्स’ आला. छापील कॉमिकच्या पानात शिरल्यासारखा तो दिसतो, त्यातला मुलगा माइल्स वेगळ्याच घरातला आहे, त्याची धडपडही वेगळी आहे. त्याला ऑस्कर मिळालं, आणि ते मिळालं नसतं तरी मी त्याच्यावर इतकंच प्रेम केलं असतं. १९५४ पासून चालत आलेल्या गॉडझिलाला जपानमध्ये २०२३ साली एका छोट्या चमूने, हॉलिवूडच्या मानाने अगदी तुटपुंज्या पैशांत, पुन्हा उभं केलं. युद्धातून जिवंत परतल्याची लाज वाटणारा एक माणूस त्यांनी मध्यभागी ठेवला. व्हीएफएक्सचं ऑस्कर त्या चित्रपटाने नेलं.

त्यामुळे शिळ्या कढीला ऊत आणणं वेगळं आणि जुनी गोष्ट नव्याने सांगणं वेगळं, हा फरक तुम्ही सोडू नये असं मला वाटतं. सोडलात तर चांगलं काही आलं तरी त्याच्याकडे तुमची पाठ असेल. तुमची आईवडिलांच्या मृत्यूची तक्रार तर आता बनवणाऱ्यांपर्यंतही पोचलेली दिसते. २०१७ च्या स्पायडर-मॅनमध्ये काकांचा मृत्यू दाखवलाच नाही. २०२२ च्या बॅटमॅनने ती गल्ली टाळली. २०२५ चा सुपरमॅन सुरू होतो तेव्हा तो आधीच जगाला ठाऊक असलेला नायक आहे, त्याच्या ग्रहाचा स्फोट आपल्याला पुन्हा पाहावा लागत नाही.

मग तुम्हाला नेमकं काय डाचतंय? पत्र वाचताना मला वाटलं की तुम्हाला शेवट हवाय. अकरा वर्षं चाललेली एक गोष्ट २०१९ मध्ये ‘एंडगेम’ने संपवली. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, गेला. तुम्ही १९ व्या वर्षी ज्याला पहिल्यांदा भेटलात तो माणूस गेला, आणि मला वाटतं, त्या रात्री तुमचा फोन दोन तासांहूनही जास्त चालला असेल. ती गोष्ट पूर्ण झाली होती. तुम्ही तृप्त होऊन उठला होता आणि कोणीतरी पुन्हा बसवलं. पुढे २०२४ मध्ये जाहीर झालं की रॉबर्ट डाउनी ज्युनियर परत येतोय, टोनी म्हणून नाही, डॉक्टर डूम नावाचा खलनायक म्हणून. तो मोठा नट आहे, काम चांगलंच करेल. पण ज्या चेहऱ्याचा निरोप घेऊन डोळे पुसले तो चेहरा पुन्हा समोर येणार म्हटल्यावर त्या निरोपाचं वजन कमी होतं, आणि तसं वाटणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.

कॉमिक्समध्ये हे फार आधीपासून चालत आलंय. १९६१ मध्ये डीसी या कॉमिक्स प्रकाशकाच्या एका अंकात नवा फ्लॅश जुन्या फ्लॅशला भेटला. दोघं दोन वेगळ्या पृथ्वींवरचे. आज मल्टिव्हर्स, म्हणजे एकाच वेळी असणारी अनेक विश्वं, म्हणून जे तुमच्या माथी मारलं जातं त्यातलं बरंचसं तिथून सुरू झालं. पुढे या पृथ्वी इतक्या वाढल्या की १९८५-८६ मध्ये डीसीला बारा अंकांची एक मोठी कथा रचून सगळा पसारा आवरावा लागला. १९९२ मध्ये त्यांनी सुपरमॅनला मारलं, लोकांनी रांगा लावून तो अंक घेतला, आणि पुढच्या वर्षी सुपरमॅन परत आला. महिन्याला एक पातळ अंक विकत घेणाऱ्या वाचकाला हे सोसतं. मध्येच सोडता येतं, वर्षाने परत धरता येतं. अडीच तासांचा, शेकडो माणसांनी दोन-तीन वर्षं खपून केलेला चित्रपट मात्र अंकासारखा ‘क्रमशः’ म्हणून संपला की प्रेक्षकाला आपल्याकडून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं. शेवटच्या श्रेयनामावलीनंतर येणारं ते छोटं दृश्य आठवा. २००८ मध्ये निक फ्युरी अंधारातून पुढे आला आणि अ‍ॅव्हेंजर्सचं नाव घेतलं, तेव्हा ती भेट होती. चित्रपट संपला होता आणि वर काहीतरी जास्तीचं मिळालं होतं. आता कधी कधी अख्खा चित्रपटच त्या दृश्यासारखा असतो, पुढच्याची जाहिरात करणारा.

म्हणून ‘मी बदललो का’ याचं उत्तर: हो, थोडे बदललात. विशीच्या सुरुवातीला वेगवेगळ्या चित्रपटांतले नायक एका पडद्यावर एकत्र येताना पाहणं हे तुमच्यासाठीच नाही, सुपरहिरोपटांसाठीही नवं होतं. ती पहिल्या वेळची हुरहुर आणि आनंद परत येणार नाही, कितीही चांगला चित्रपट काढला तरी. पण बाकीचं जे वाटतंय ते नीट पाहण्याचं फळ आहे. तुम्ही सतरा-अठरा वर्षं लक्ष देऊन पाहिलंत म्हणूनच पोकळ काय आणि भरीव काय हे तुम्हाला कळतं.

तेव्हा पहिली गोष्ट, गृहपाठ बंद करा. आजपासून. जो चित्रपट दोन मालिका पाहिल्याशिवाय कळत नाही, तो कळला नाही तर दोष तुमचा नाही. पहिल्या दिवशी जायचं बंधनही सोडा. आठवडाभर थांबा, आणि तेव्हाही जावंसं वाटलं तरच जा. एखादा सुटला म्हणून तुमच्या भावाबरोबरच्या आधीच्या वर्षांतून काही वजा होत नाही. आणि हे स्टुडिओला धडा शिकवायचा म्हणून करू नका. रागाने सोडलेल्या गोष्टीचा हिशेब माणूस मनात ठेवत राहतो.

आता तुमचा भाऊ. त्याच्या ‘म्हातारा झालास’मध्ये मला टोमण्यापेक्षा धास्ती जास्त ऐकू आली. तुम्ही १९ वर्षांचे होता तेव्हा तो १३ चा होता. तुमच्यासाठी ते तरुणपणातले चित्रपट, त्याच्यासाठी ते बालपण आहे. शिवाय त्या अंधारात त्याच्या शेजारच्या खुर्चीवर मोठा भाऊ होता. तुम्ही चित्रपटांना कंटाळलात असं म्हणालात की त्याला ऐकू येणार, दादा मला कंटाळला. म्हणून चित्रपट कसे घसरले याची जंत्री त्याच्यापुढे ठेवू नका. मी वर लिहिलेलं सगळं तुमच्यासाठी आहे. त्याच्याशी वाद जिंकायला ते वापरलंत तर तो एकेका चित्रपटाची बाजू घेत बसेल आणि मूळ गोष्ट राहून जाईल.

झोपेबद्दल सांगा. तेवढंच सांगा. “त्या दिवशी मी मध्यंतरानंतर झोपलो होतो, आणि तुला खोटं बोललो. तेव्हापासून चैन नाही. तुझ्याशी बोलायला मिळावं म्हणून मी जात राहिलो.” शेवटचं वाक्य गाळू नका, कारण तेच खरं कारण आहे आणि तुमच्या पत्रात ते ओळीओळीत आहे, फक्त तुम्ही लिहिलेलं नाही. त्याला वाईट वाटेल, कदाचित तो चिडेलही. चिडू द्या. तो तीस वर्षांचा माणूस आहे, सावरेल. खोट्या ‘मस्त होता’वर चाललेले फोन मात्र आणखी दोन वर्षांनी पाच मिनिटांवर येतील.

आणि त्या दहा मिनिटांकडे परत एकदा पाहा. तुम्ही लिहिता की बोलणं हल्ली लवकर आटपतं. फोनच्या दोन टोकांना दोन माणसं असतात. एका टोकाचा माणूस दमलाय हे तुम्ही सांगितलंत. दुसऱ्या टोकाच्या माणसाला खरोखर दोन तास बोलायचं असतं तर त्याने तुम्हाला दहा मिनिटांत सोडलं असतं का? मी त्याला ओळखत नाही, माझा अंदाज चुकीचाही असेल. पण तोही तुमच्यासाठीच तिकीट काढत असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

बोलणं झालं की त्याच्यापुढे एक साधी पाळी ठेवा. एक चित्रपट त्याच्या आवडीचा, एक तुमच्या. दोघांनी त्याच रात्री पाहायचा, आणि नंतरचा फोन ठरलेला. त्याच्या पाळीत सुपरहिरो आला तर तक्रार न करता पाहा, आणि झोप आली तर झोप आली असं सांगा. तुमच्या पाळीत पहिल्यांदा ‘लोगन’ निवडा. २०१७ चा आहे, तुम्ही दोघांनी पाहिलेला असणारच, तरी पुन्हा पाहा. त्यात एक म्हातारा, थकलेला नायक आहे, त्याच्या जखमा आता लवकर भरत नाहीत. श्रेयनामावलीनंतर काहीही नाही. ह्यू जॅकमन २०२४ मध्ये त्याच भूमिकेत परतला हे मला माहीत आहे, तुमच्या भावालाही माहीत असेल, आणि त्याने या शेवटाला धक्का लागतो की नाही यावर तुम्हा दोघांना भांडता येईल. त्या भांडणाला दहा मिनिटं पुरायची नाहीत.

फोन या रविवारीच करा, नवा चित्रपट लागायची वाट न पाहता. त्याने काय म्हटलं ते मला कळवा. मी वाट पाहते आहे.

तुमची,
ताई